अबार्थचे पाय लिनियाला?

जुनी सेडान स्वस्तात घ्यायची आणि तिला स्पोर्ट्स गाडीचं ओरिजिनल सस्पेन्शन बसवायचं, हा बेत ऐकायला भारी वाटतो. नटबोल्ट जुळतातही. पण नवापूर रोडवरचा स्पीडब्रेकर, मागच्या सीटवरचे तीन मित्र आणि आरटीओ यांचं गणित जुळतं का? पैसे मोजण्याआधी वाचा.

रविवारी संध्याकाळी बोईसरहून नवापूरच्या किनाऱ्याकडे निघालेल्या गाड्या एकदा नीट बघा. दहा-बारा वर्षं जुन्या सेडान, काळ्या काचा, रुंद टायर आणि टायर मडगार्डमध्ये शिरेल इतकी खाली बसलेली बॉडी. गाडी दिसते झकास. मग स्पीडब्रेकर येतो. गाडी तिरकी होते, एकेक चाक हळूच चढवलं जातं, मागचे दोघं खाली उतरतात आणि तरीही खालून 'खर्रर्र' आवाज येतोच.

'गाडी लो करणं' ही आपल्याकडची जुनी हौस. त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे स्प्रिंग कापणं. त्याच्या दुसऱ्या टोकाला एक हुशार मार्ग आहे. त्याच कंपनीच्या, त्याच घराण्यातल्या स्पोर्टी गाडीचं फॅक्टरीत बनलेलं सस्पेन्शन आणायचं आणि आपल्या साध्या सेडानला लावायचं. 'कंपनीनेच बनवलंय, मग टेन्शन कसलं?' असा साधा हिशोब. यात तथ्य किती, हे बघायला महाराष्ट्रातच एक झकास जोडी आहे.

रांजणगावची दोन भावंडं

पुण्याजवळच्या रांजणगावात, जिथे आज जीप बनतात, त्याच कारखान्यातून काही वर्षांपूर्वी फियाटच्या गाड्या बाहेर पडायच्या. २००९ मध्ये तिथून आधी लिनिया ही सेडान आली आणि त्याच वर्षी पुंटो ही हॅचबॅक. बाहेरून वेगळ्या दिसल्या तरी दोघींचा सांगाडा एकाच घराण्यातला. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा एक पिळता येणारा आडवा बीम. लिनियाला पुढे १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन मिळालं, साधारण ११४ हॉर्सपॉवरचं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये पुंटोला विंचू चावला! अबार्थ पुंटो आली. तेच १.४ टी-जेट, पण ताकद १४५ हॉर्सपॉवर. चारही चाकांना डिस्क ब्रेक, १६ इंची विंचू डिझाइनचे अलॉय, ० ते १०० चा कंपनीचा दावा ८.८ सेकंदांचा आणि किंमत दहा लाखांच्या किंचित आत. नेहमीच्या पुंटोपेक्षा ती बुटकी होती, ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिमी. स्प्रिंग आणि शॉकअप जास्त कडक.

आता तुमच्या डोक्यात जे आलं, तेच अनेक लिनियावाल्यांच्या डोक्यात आलं. इंजिन एकाच घराण्यातलं, सांगाडा एकाच घराण्यातला, कारखाना एकच. मग अबार्थचे पाय लिनियाला लावले तर? दोन्ही गाड्यांचं उत्पादन २०१८-१९ च्या सुमारास थांबलं, पण सेकंडहँड लिनिया आजही कॉलेजवाल्याच्या बजेटमध्ये येते. त्यामुळे हा प्रश्न जिवंत आहे. सिटी, व्हर्ना, ऑक्टाव्हिया घेणाऱ्यांच्या मनातही तोच असतो, फक्त नावं बदलतात.

गंमत म्हणजे अबार्थ या नावाचा धंदाच मुळात असा होता. कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत कंपनी काढली आणि साध्या फियाट गाड्यांसाठी सायलेन्सर आणि ट्यूनिंगचे किट विकले. साधी गाडी घ्या, आमचा डबा उघडा, पार्ट लावा आणि पळवा! विंचू हे त्यांच्या वृश्चिक राशीचं चिन्ह. १९७१ मध्ये फियाटने ती कंपनीच विकत घेतली. म्हणजे तुम्ही जे करायचं म्हणताय त्याला चांगली खानदानी परंपरा आहे. फरक एवढाच की अबार्थ यांचा किट ठरावीक गाडीसाठी मोजूनमापून बनलेला असायचा.

शॉकअप झटका खात नाही

थोडं फिजिक्स, पण वैतागू नका. गॅरेजमध्ये आपण 'शॉकअप' म्हणतो, त्यामुळे वाटतं की खड्ड्याचा झटका तोच खातो. झटका खातो तो स्प्रिंग. दाबला गेलेला स्प्रिंग परत उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. त्याला गप्प बसवायचं काम शॉकअपचं. त्यातलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उसळीची शक्ती उष्णतेत जिरते. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप ही जोडी आहे. एक कडक आणि दुसरा मवाळ असेल, तर गाडी खड्ड्यानंतर डोलत राहते. टायर क्षणभर रस्ता सोडतो. ज्या क्षणी टायर रस्त्यावर नाही, त्या क्षणी ब्रेक नाही आणि स्टिअरिंगही नाही.

आता स्प्रिंग कापल्यावर काय होतं ते बघा. स्प्रिंगचा कडकपणा त्याच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला एक कापला, तर उरलेला स्प्रिंग २० टक्के कडक होतो. शॉकअप मात्र जुनाच, आता आखूड झालेल्या अंतरात दबलेला. वर गॅस कटरने कापलं असेल, तर टोकाला स्टीलचं पाणी उतरतं, म्हणजे त्याची कठीणता जाते. कापलेल्या जागी कोटिंगही उडतं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत उघड्या स्टीलला गंज धरायला किती वेळ लागतो, ते नवापूर-मुरबे-सातपाटीच्या कुठल्याही घरातल्या खिडकीच्या गजाला विचारा.

फॅक्टरीचं स्पोर्ट सस्पेन्शन इथेच बाजी मारतं. त्यात स्प्रिंग, शॉकअप आणि बंप स्टॉप एकमेकांना धरून बनवलेले असतात. बंप स्टॉप म्हणजे सस्पेन्शन पार खाली गेलं की लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून बसवलेला रबर किंवा फोमचा ठोकळा. हे तिन्ही कंपनीच्या इंजिनीअरांनी महिनोन्महिने टेस्ट ट्रॅकवर तपासलेले असतात. म्हणून कापलेला स्प्रिंग आणि अबार्थचा सेट यात निवड असेल, तर डोळे मिटून सेट.

पण तो सेट जुळवला होता तो अबार्थ पुंटोसाठी. लिनियासाठी नव्हे.

डिकीचं वजन कोण मोजणार?

लिनिया ही पुंटोपेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक लांब. दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, पुंटोचा २५१० मिमी तर लिनियाचा २६०३. मागच्या चाकांच्याही मागे ५०० लिटरची डिकी लटकते. म्हणजे मागच्या स्प्रिंगवर येणारा भार वेगळा. पुढचं चित्र पेट्रोल लिनियात बऱ्यापैकी सारखं आहे, कारण इंजिन तेच. पण तुमची लिनिया डिझेल असेल, तर पुढचं वजनही बदललं. अबार्थचे पुढचे स्प्रिंग पेट्रोल इंजिन गृहीत धरून बनलेत.

एक हिशोब करून बघू. समजा मागच्या एका चाकापाशी स्प्रिंगचा दर २५ न्यूटन प्रति मिमी आहे. हा आकडा फक्त उदाहरणासाठी. मागे तीन मित्र बसले, डिकीत बॅगा टाकल्या आणि प्रत्येक मागच्या चाकावर ७५ किलो वाढले. ७५ गुणिले ९.८ म्हणजे ७३५ न्यूटन. भागिले २५. उत्तर येतं साधारण २९ मिमी. म्हणजे गाडीची मागची बाजू जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली बसली. गाडी आधीच लो असेल, तर हे तीन सेंटिमीटर उरलेल्यातूनच जाणार. मग प्रत्येक मोठ्या खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर आपटते. एकट्याने चालवताना मख्खन वाटणारी गाडी पाच जणांत बैलगाडी होते. त्याहून वाईट म्हणजे वेगात वळताना मागची बाजू बंप स्टॉपवर टेकली, की तिथला कडकपणा एकदम वाढतो. वळणाच्या मधोमध गाडीचा स्वभाव बदलतो. हे धोक्याचं आहे.

कंपनीला हे माहीत होतं का? त्याच ऑक्टोबर २०१५ मध्ये फियाटने अबार्थचं टी-जेट इंजिन आपल्या उंच अव्हेंचुरा गाडीतही घातलं. पण ती गाडी उंचच ठेवली, ग्राउंड क्लिअरन्स २०० मिमीच्या वर. तेच हृदय, पण पाय ज्या गाडीचे तिचेच. ज्यांच्या हातात सगळे पार्ट, सगळे ड्रॉइंग आणि सगळे टेस्ट ट्रॅक होते, त्यांनी प्रत्येक गाडीचा हिशोब वेगळा मांडला.

नवापूर रोडची परीक्षा

आता रस्त्यावर येऊ. इंडियन रोड्स काँग्रेसने स्पीडब्रेकरचं माप ठरवून दिलंय. गोलसर आकार, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. असा स्पीडब्रेकर लिनियाएवढ्या लांबीची गाडी ओलांडते, तेव्हा चारही चाकं त्याच्यावर असतात. भूमिती मांडली तर पोटाखालची फक्त पाचेक सेंटिमीटर जागा जाते. १५५ मिमीची गाडी आरामात पार.

पण असा स्पीडब्रेकर तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? आपल्याकडे कुणाच्या दारात अपघात झाला की रातोरात डांबराचा उंचवटा उभा राहतो. रुंदी जेमतेम अर्धा मीटर, उंची हाताला लागेल तेवढी. अशा अरुंद उंचवट्याची उंची १५ सेंटिमीटर असेल, तर पुढची चाकं उतरल्यावर तो अख्खाच्या अख्खा गाडीच्या पोटाखाली येतो. १५५ मिमीतून मित्रांच्या वजनाने मधोमध दीड सेंटिमीटर गेला, उरले १४०. उंचवटा १५० चा. आवाज कुठून आला ते कळलं?

त्यात एमआयडीसीच्या टँकर-ट्रकांनी दाबलेला रस्ता, जुलैचा पाऊस आणि पाण्याखाली लपलेले खड्डे. पुढे इंजिनाखालचा ऑइलचा डबा, ज्याला मेकॅनिक 'चेंबर' म्हणतात, तो फुटला की ऑइल रस्त्यावर. तशीच गाडी पुढे दामटली, तर इंजिन जाम. स्टाइलसाठी केलेला खर्च इंजिनाच्या कामापर्यंत जातो तो असा.

उलट बाजूही सांगायला हवी. चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागलात, की कडक आणि बुटकं सस्पेन्शन खरंच मजा देतं. वळणावर गाडी कमी झुकते, लेन बदलताना स्टिअरिंग लगेच ऐकतं, जोरात ब्रेक मारल्यावर नाक खाली जात नाही. हा फरक खरा आहे, त्यासाठीच लोक पैसे घालतात. पण याच महामार्गावर ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. गाडी नामांकित, महागडी. मागे बसलेल्यांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. गाडी कितीही भारी असली, तरी काही गोष्टींना पर्याय नसतो. आणि नव्या सस्पेन्शनने दिलेला पहिला आत्मविश्वास बहुतेक वेळा स्पीडोमीटरवरच खर्च होतो.

आरटीओ काय म्हणेल?

'कोण बघतंय खाली वाकून?' हे ऐकलं असेलच. तर ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशा रीतीने गाडी बदलता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२ए आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही.

आरसीवर 'स्प्रिंग' असा रकाना नसतो, हे खरं. त्यामुळे चौकात पोलीस थांबवून स्प्रिंग मोजेल असं नाही. पण अपघात झाला, तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर खाली वाकतोच. पॉलिसीला न कळवलेला बदल हे क्लेम अडकायचं आयतं कारण असतं. तिथे प्रश्न तुमच्या गाडीपुरता राहत नाही. समोरच्या सायकलवाल्याच्या घरच्यांचाही असतो. म्हणून एमएच-४८ वाल्यांनी आधी आरटीओ आणि इन्शुरन्स कंपनी, दोन्हीकडे लेखी विचारावं. उत्तर 'नाही' आलं, तर विषय तिथेच संपला.

तुलना कुणाशी करताय?

या सगळ्या चर्चेत एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते. तुम्ही घेतलेली सेडान दहा-पंधरा वर्षांची आहे. तिचे शॉकअप गळालेत, लोअर आर्मचे बुश फाटलेत, लिंक रॉड खडखडतात, टायर एकीकडून झिजलेत. ती वळणावर झोकांड्या खाते, म्हणून तुम्हाला वाटतं की 'स्टॉक सस्पेन्शन बोगस आहे'. मग अबार्थचा सेट बसतो, त्याबरोबर नवे बुश आणि नवे माउंट बसतात, अलाइनमेंट होते आणि गाडी एकदम टाइट. क्रेडिट सगळं विंचवाला!

खरी तुलना करायची, तर आधी गाडी कंपनीच्या मूळ स्थितीला आणा. नवे स्टॉक शॉकअप, नवे बुश, चांगले टायर, योग्य हवा, अलाइनमेंट. लिनियाचं स्टॉक सस्पेन्शन तिच्या काळातही कौतुकाचा विषय होतं. एक महिना चालवा. खूप जणांचं भागेल तिथेच. दंड नाही, पत्र नाही, चेंबर शाबूत.

आणि सस्पेन्शनचंच वेड असेल, तर त्याला कॉलेजमध्येच रान मोकळं आहे. बाजा एसएई इंडिया स्पर्धेत इंजिनीअरिंगची पोरं ऑफरोड बग्गी स्वतः डिझाइन करून बनवतात. फॉर्म्युला भारतमध्ये छोटी रेस कार. तिथे स्प्रिंगचा दर तुम्ही ठरवता, विशबोन तुम्ही वेल्ड करता, चुकलं तर ट्रॅकवर सगळ्यांसमोर कळतं. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन तपासणारी संस्था आहे. सस्पेन्शनशी खेळायचा पगार मिळणाऱ्या नोकऱ्या आपल्याच राज्यात आहेत.

करायचंच ठरलं, तर

• परवानगीचं आधी. आरटीओ आणि इन्शुरन्सचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय पार्टचे पैसे देऊ नका.

• अर्धा सेट घेऊ नका. स्प्रिंग, शॉकअप, बंप स्टॉप आणि वरचे माउंट एकाच गाडीचे हवेत. 'स्प्रिंग अबार्थचे, शॉकअप जुनेच' म्हणजे पुन्हा बिघडलेली जोडी.

• कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुने पार्ट बघताना शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ, स्प्रिंगवर गंज किंवा चीर दिसते का, ते तपासा. पार्ट नंबर वाचून घ्या. डावा-उजवा एकाच गाडीतून काढलेला असावा. अपघातातल्या गाडीचा सेट नकोच.

• एक टेप घ्या. सपाट जागी चारही मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर वहीत लिहा. आधी रिकाम्या गाडीचं, मग पाच जण बसवून. बदल केल्यानंतर पुन्हा मोजा. भरलेल्या गाडीत मागची बाजू बंप स्टॉपवर टेकत असेल, तर सेट तुमच्या गाडीचा नाही. काढून टाका.

• रोजच्या वाटेवरचा सगळ्यात उंच स्पीडब्रेकरही त्याच टेपने मोजा. हा एक आकडा कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त सांगेल.

• घरच्या अंगणात स्प्रिंग काढू नका. दाबलेला स्प्रिंग कंप्रेसरमधून निसटला, तर हात किंवा जबडा मोडतो, जीवही जातो. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही.

• काम झाल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा, दोन्ही करून घ्या. गाडीचं नाक खाली-वर झालं की लाइटचा झोत बदलतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो.

• पहिली टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या रस्त्यावर आणि हळू. दुसरी आईबाबांना मागे बसवून. नवापूरपर्यंत जाऊन परत आल्यावर आई म्हणाली, 'पुन्हा या गाडीत बसायला सांगू नकोस,' तर रिझल्ट लागला म्हणून समजा.